माहितीचाही सातबारा पाहावा



परवाचा रविवार आमच्या घरी अगदी आळसात गेला. शनिवारी संध्याकाळी लागलेली श्रावणाची झड रविवारी दिवसभर उघडली नाही. वावरात पाय टाकावा तर पायाबरोबर शेरभर चिखल वर यावा, अशी काळ्या रानाची अवस्था. डवरा चालणार नाही, फवारणी होणार नाही आणि धुऱ्यावर कोणी भेटणारही नाही. आमच्या खात्यात रविवार नेहमीच रविवार असतो असे नाही. पण या वेळी बैठक नव्हती आणि कुणी अहवालही मागितला नव्हता. आंघोळच दहा वाजता झाली. सौभाग्यवतींनी कांद्याची भजी तळायला घेतली, आई ओसरीवर वाती वळत बसली आणि मी आरामखुर्चीत फोन घेऊन पडलो.

बारावीतली धाकटी मुलगी जवळून जाताना म्हणाली, "बाबा, फोनवर तुम्ही नुसती परिपत्रकंच वाचता. जरा जगात काय चाललंय ते तरी बघा की!"

पोरगी सहज बोलली, पण मला ते लागले. त्याला एक कारण होते. ते आधी सांगतो.

मागच्या खरिपातली गोष्ट

मागच्या वर्षी जुलैअखेर अशीच झड लागली होती. पऱ्हाटीत तण कमरेला लागले आणि निंदणाला बाया मिळेनात. आमच्या भागातल्या एका तरुण कास्तकाराने मला फोन केला. पोरगा कष्टाळू, घरची पाच एकर. कपाशीत कोणते तणनाशक चालेल, एवढेच त्याला विचारायचे होते. मी बैठकीत होतो. "संध्याकाळी बोलतो," म्हणालो आणि विसरून गेलो.

तो थांबला दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर कुणीतरी मिनिटभराचे चलचित्र पाठवले. त्यात तण कसे करपून आडवे पडले ते दिसत होते आणि औषधाचे नाव सांगितले होते. याने दुकानात जाऊन नाव घेतले, डबा आणला आणि दोन एकर फवारून टाकले.

ते औषध होते टू-फोर-डी. हे तणनाशक रुंद पानाच्या तणांना मारते. ऊस, मका, ज्वारी, गहू ही गवताच्या जातीची पिके असल्याने त्यांच्यात शिफारशीप्रमाणे वापरले तर पीक सहसा तगते आणि तण मरते. पण कपाशी स्वतःच रुंद पानाची! शिवाय या औषधाला ती फार नाजूक. नुसता वाऱ्याने उडालेला अंश लागला किंवा नीट न धुतलेल्या पंपातून दुसरे औषध मारले, तरी तिची पाने अरुंद होतात, भेंडीच्या पानासारखी चिरतात आणि शेंडा वाकडा होतो. याने तर भर पिकावर मारले होते. आठवड्यात दोन एकर पऱ्हाटी वेडीवाकडी होऊन बसली. शेवटी ती मोडावी लागली.

नंतर ते मूळ चलचित्र मी शोधून पाहिले. ते उसातले होते. सांगणाऱ्या माणसाने पहिल्याच वाक्यात "उसात" असे स्पष्ट म्हटले होते. पुढे पाठवताना कुणीतरी सुरुवात कापली आणि तेवढा एक शब्द गळला. त्या एका शब्दाची किंमत दोन एकर.

मी त्याच्या वावरात गेलो तेव्हा पोरगा रागावला नाही. एवढेच म्हणाला, "सायेब, तुमाले फोन केला होता. तुमी बोलले नाई. फोनातला माणूस बोलला."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ शेरे खाल्ले, पण असा शेरा कुणी मारला नव्हता. लोक फोनचे का ऐकतात, असे आम्ही अधिकारी मंडळी कपाळाला आठ्या घालून विचारतो. उत्तर साधे आहे. फोन रात्री अकरालाही बोलतो.

म्हणून या रविवारी ठरवले, की आपले कास्तकार जिथे जातात त्या बाजारात आपणही दिवसभर हिंडून पाहावे.

आठवडी बाजारात फेरफटका

इंटरनेट म्हणजे न उठणारा आठवडी बाजार आहे. इथे चांगले बी आहे, किडके बी आहे आणि किडक्याला रंग लावून विकणारेही आहेत. पहिला तासभर मी कपाशीचीच चलचित्रे पाहिली. काही खरोखर चांगली होती; विद्यापीठांची होती, अनुभवी शेतकऱ्यांचीही होती. काहींत मात्र "एकाच फवाऱ्यात सगळे रोग गायब" असा पुकारा. कोणते पीक, किती दिवसांचे, पंपाला किती मात्रा, कशाचा पत्ता नाही.

कंटाळा आला तेव्हा शेतीचेच, पण दूरदेशीचे काही पाहू म्हटले. तिथे मात्र हाती मोती लागले. त्यातले तीन-चार आपल्यापुढे ठेवतो.

एकशे ऐंशी वर्षांचा गहू

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला रॉदमस्टेड नावाचे शेती संशोधन केंद्र आहे. तिथे ब्रॉडबाल्क नावाच्या एका शेतात १८४३ साली गव्हाचा प्रयोग सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, माणसांच्या पिढ्या गेल्या, पण त्या शेतात गव्हाची पेरणी होतच राहिली.

शेताचे पट्टे पाडले आहेत. एका पट्ट्याला १८४३ पासून शेणखत नाही, रासायनिक खतही नाही. एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. इतरांना निरनिराळ्या प्रमाणात रासायनिक खते. आता गंमत पाहा. ज्या पट्ट्याला इतकी वर्षे काहीच दिले नाही, तिथेही हेक्टरी सुमारे एक टन, म्हणजे एकरी चार क्विंटलच्या आसपास गहू येतो. जमीन अशी एकाएकी मरत नाही, पण ती पोटभर जेवूही घालत नाही. शेणखताचा पट्टा आणि नीट मोजून रासायनिक खत दिलेला पट्टा, या दोघांचे उत्पन्न कित्येक दशके जवळजवळ बरोबरीने चालले. मात्र शेणखताच्या पट्ट्यातल्या मातीत सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक झाला.

हा प्रयोग जॉन लॉज या जमीनदाराने जोसेफ गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या जोडीने सुरू केला. या लॉजसाहेबांचा स्वतःचा खताचा कारखाना होता, सुपरफॉस्फेटचा! म्हणजे खत विकणाऱ्या माणसानेच शेणखताचा पट्टा राखला, बिनखताचा पट्टा राखला आणि तिन्हींचे आकडे जगापुढे मांडले. दर हंगामाचे धान्य, काड आणि मातीचे नमुने तिथे आजही बाटल्या-डब्यांत जपलेले आहेत. कुणालाही शंका आली तर जुनी बाटली उघडून तपासता येते.

मिनिटभराच्या चलचित्रानंतर मी हे वाचले, तेव्हा खुर्चीत जरा सावरून बसलो. एकीकडे एकशे ऐंशी वर्षे मोजून बोलणारे शेत आणि दुसरीकडे मोजणीच नसलेला पुकारा. फोन मात्र दोघांना एकाच आकाराच्या काचेत दाखवतो.

उपाशी राहून राखलेले बी

दुसरा शोध बियाण्याचा. रशियात निकोलाय वाविलोव नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. देशोदेशी हिंडून त्यांनी धान्याच्या, कडधान्याच्या, फळांच्या हजारो वाणांचे बी जमवले आणि लेनिनग्राड शहरात त्याचा साठा केला. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी त्या शहराला वेढा घातला, तो १९४४ च्या जानेवारीपर्यंत सुटला नाही. लोक रस्त्यावर भुकेने मरत होते. बियाण्याच्या इमारतीत मात्र पोती भरून धान्य होते आणि ते राखणारे शास्त्रज्ञही उपाशी होते. त्यांनी दाणा खाल्ला नाही. त्यांतले कित्येक भुकेने मेले. भाताचा अभ्यासक भाताच्या पोत्यांजवळ मेला. खुद्द वाविलोव तेव्हा आपल्याच सरकारच्या तुरुंगात होते. १९४३ साली तिथेच, अन्नावाचून खंगून त्यांचा अंत झाला.

हे मी मोठ्याने वाचून दाखवत होतो. आईच्या हातातली वात थांबली. तिचे माहेर मराठवाड्यातले. ती म्हणाली, "आम्हीही तेच केलं की रे! बहात्तरच्या दुष्काळात घरात बियाची ज्वारी होती मडक्यात, राख घालून लिंपलेली. तुझ्या आजोबांनी सांगितलं, मडक्याला हात लावायचा नाही. लेकरं रडायची. आम्ही तो लाल मिलो खाल्ला, खडी फोडायला गेलो, पण मडकं फोडलं नाही. पुढल्या साली तेच पेरलं."

पन्नाशी उलटली तरी आईच्या तोंडून ही हकीकत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. धाकटी पुस्तक मिटून आजीजवळ जाऊन बसली. फोन बाजूला राहिला आणि पुढचा अर्धा तास आईच बोलत होती. दिवसभरातला सर्वांत मोलाचा शोध कोणता, असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन. आणि तो इंटरनेटवर नव्हता.

आज जगाच्या बियाण्याचे असे एक मडके उत्तर ध्रुवाकडे ठेवलेले आहे. नॉर्वे देशाच्या स्वालबार्ड बेटांवर बर्फाळ डोंगर पोखरून २००८ साली बियाण्याचे भांडार सुरू झाले. आत उणे १८ अंश थंडीत देशोदेशीचे बी ठेवतात. बँकेतल्या लॉकरसारखा प्रकार. ज्याने ठेवले, मालकी त्याचीच. सीरिया देशात यादवी पेटली तेव्हा अलेप्पो शहराजवळची बियाणे संस्था धोक्यात आली. त्या संस्थेने आपले बी आधीच स्वालबार्डला ठेवले होते. २०१५ साली ते काढले, दुसऱ्या देशांत पेरून वाढवले आणि २०१७ साली नवे बी पुन्हा भांडारात आणून ठेवले. पेरणाऱ्याने उसने घ्यावे आणि सुगीला फेडावे, हाच आपल्या गावाचा जुना रिवाज.

बियाण्याचे लांबचे सांगतो म्हणून जवळचे विसरू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे थोड्या जमिनीचे शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या ठेवल्या, निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत बारीक दाण्याचा वाण तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडले. आज तो तांदूळ कितीतरी घरांत शिजतो. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. बारीक नजर आणि निराळी पिशवी एवढेच भांडवल होते.

वेडा ठरलेला शेतकरी

दुपारचे जेवण झाल्यावर आणखी एक माणूस भेटला. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या कोरड्या देशाचा याकूबा सावादोगो. १९८० च्या सुमाराच्या दुष्काळांनी तिथली जमीन टणक झाली होती. पाणी पडले की वाहून जायचे. लोक गाव सोडून चालले होते. याने उन्हाळ्यात जुन्या पद्धतीचेच खड्डे खणले, पण अधिक खोल आणि रुंद. त्यात शेणखत व पालापाचोळा टाकला. त्या वासाने वाळवी आली, तिने जमीन पोखरून भुसभुशीत केली आणि पहिल्या पावसाचे पाणी तिथेच जिरले. गावाने त्याला वेडा ठरवले. पुढे त्याच्या खड्ड्यांत ज्वारी-बाजरी आली आणि झाडेही वाढली. उजाड माळावर जंगल उभे राहिले. २०१८ साली त्याला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ साली तो वारला.

धाकटी म्हणाली, "बाबा, मग आपणही खणू या की खड्डे!"

मी म्हणालो, "थांब. त्याची जमीन टणक, कवच धरणारी आणि पाऊस थोडा. आपले हे काळे रान बघ. आज खड्डा खणशील तर त्यात मुळे कुजतील. मुरमाड माळावर, कमी पावसाच्या भागात या विद्येचा विचार करता येईल. इथे ती उसातल्या औषधासारखीच होईल."

बोलता बोलता माझे मलाच उमगले. दिवसभर जे चांगले वाचले त्यात एक गोष्ट सारखी होती. गाव सांगितलेले होते, साल सांगितले होते, माणूस सांगितला होता, जमीन आणि पाऊस सांगितला होता. म्हणून तर ते आपल्याला लागू आहे की नाही, हे मला ठरवता आले. जे फसवे होते त्यात यातले काहीच नव्हते.

असा वाचावा माहितीचा सातबारा

आपण एकरभर जमीन घ्यायची म्हटली तरी आधी सातबारा पाहतो. मग ज्या माहितीवर पाच एकरांचे पीक लावायचे, तिचा का पाहू नये? त्यातल्या नोंदी अशा.

पहिली नोंद, गाव आणि गट. हे कुठले आहे? जमीन कशी, पाऊस किती, बागायत की कोरडवाहू? पंजाबातला गहू आणि पुसदचा गहू एका मापाने मोजता येत नाही.

दुसरी, खातेदाराचे नाव. सांगणारा कोण? विद्यापीठच हवे असे नाही. सावादोगो आणि दादाजी कुठल्याच विद्यापीठाचे नव्हते. पण माणसाला नाव असावे, शेत असावे आणि आपण जाऊन विचारू शकू असे तोंड असावे.

तिसरी, पीक. कोणत्या पिकात, पेरणीनंतर किती दिवसांनी? ही नोंद कोरी असेल तर पुढे वाचूच नये. औषधाच्या बाबतीत डब्यावरचे लेबल आणि आतले माहितीपत्रक हा मूळ दस्तऐवज. त्यावर आपल्या पिकाचे नाव छापलेले नसेल, तर डबा दुकानातच ठेवावा.

चौथी, क्षेत्र. किती जागेवर, किती हंगाम करून पाहिले? एका कुंडीतले मिरचीचे झाड म्हणजे एकरभर मिरची नव्हे. स्वतः करून पाहायचे तर आधी दोन ओळींवर करावे, आठ-दहा दिवस थांबावे आणि शेजारची दोन तास तशीच सोडावीत. तोच आपला ब्रॉडबाल्क.

पाचवी, फेरफार. ही माहिती कोणत्या सालची? पुढे काही बदल झाला का? एंडोसल्फान एके काळी सर्रास फवारले जाई. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. पण त्याची शिफारस करणारा जुना मजकूर अजूनही कुठेतरी पडलेला असतो. मजकूर आपणहून म्हातारा होत नाही. साल आपणच पाहावे लागते.

सहावी, इतर हक्क आणि बोजा. सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते? शेवटी मागणीसाठी फोन नंबर येतो का? माल विकणे हा गुन्हा नाही. लॉजसाहेबही खत विकत होते. पण त्यांनी बिनखताचा पट्टा झाकून ठेवला नाही. विकणारा जर दुसरा पट्टा दाखवत नसेल, तर बोजा मोठा आहे असे समजावे.

सहाही नोंदी भरल्या तर पुढे विचार करावा. शंका राहिली तर विचारावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ सालापासून चालू आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. आपल्या भागाच्या कृषी विज्ञान केंद्रात जाता येते. आणि तणनाशकाचा पंप निराळाच ठेवावा, ही एक गोष्ट कुणाला न विचारताही आजपासून करावी.

भजीची ताटली उचलता उचलता सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमच्या या बाजारात आम्हा बायांच्या कामाचं काही मिळालं का?" प्रश्न रास्त होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी नावाचे ॲप आहे. आपल्या आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात वीज पडण्याचा धोका असला, की ते फोनवर सूचना देते. परतीच्या पावसात सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला बाया वावरात असतात आणि आभाळ गडगडले की झाडाखाली धावतात. झाड हीच सर्वांत वाईट जागा. सूचना आली की काम सोडून पक्क्या घरात यावे. मुकादमाच्या किंवा कुणा एकीच्या फोनात हे ॲप असले, तरी साऱ्या टोळीला उपयोग होईल. धाकटीने ते लगेच आईच्या फोनात बसवून दिले.

संध्याकाळचा फोन

दिवेलागणीला झड थोडी थांबली. तेवढ्यात फोन वाजला. मागच्या वर्षीचा तोच पोरगा. त्याने एक चलचित्र पाठवले होते आणि खाली लिहिले होते, "सायेब, हे खरं हाय का?"

या वेळी मी "संध्याकाळी बोलतो" म्हणालो नाही. तिथल्या तिथे त्याला फोन लावला आणि चलचित्र दोघांनी मिळून तपासले. मी एकेक नोंद विचारत गेलो, तो पाहून सांगत गेला. गाव? नाही. पीक? कपाशी दिसते, पण किती दिवसांची ते नाही. सांगणारा कोण? नुसता आवाज. किती एकरांवर केले? नाही. साल? नाही. बोजा? शेवटी मागणीचा फोन नंबर! एका फवाऱ्यात गुलाबी बोंडअळी साफ करण्याचे ते औषध होते.

पोरगा हसला. म्हणाला, "सायेब, याचा तर सातबाराच कोरा निघाला."

मग बोंडअळीचे काय करायचे ते बोललो. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे आणि रोज सकाळी त्यातले पतंग मोजून लिहायचे. लागोपाठ तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर फवारणीचा विचार करायचा. फुले उमलताना गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, म्हणजे डोमकळी दिसली, तर तोडून अळीसकट नष्ट करायची. आणि फरदडीचा मोह टाळून कापूस वेळेवर संपवायचा. तो लिहून घेत होता. मध्येच म्हणाला, "येत्या बुधवारी वावरात येता का?" मी हो म्हणालो आणि या वेळी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले.

त्या रात्रीपासून आठ ते नऊ हा तास मी फोनसाठी मोकळा ठेवला आहे. एका माणसाने किती फोन घ्यावेत याला मर्यादा आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या गावांचा मी पगार खातो, त्या गावांत फोनातला माणूस माझ्याआधी बोलला आणि पीक गेले, असे पुन्हा होऊ नये एवढीच धडपड.

बंधू-भगिनींनो, फोन फेकून द्या असे मी सांगणार नाही. त्यात रॉदमस्टेडचे शेत आहे, दादाजींच्या लोंब्या आहेत, आणि आपल्या महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड'सुद्धा फुकट वाचायला मिळतो. झडीच्या दिवशी घरातल्या शिकत्या पोराला किंवा पोरीला तो मोठ्याने वाचायला सांगा. म्हातारी माणसे जवळ बसवून घ्या. काय सांगावे, एखादे न फोडलेले मडके तुमच्याही घरात निघेल.

फक्त एवढे ध्यानात ठेवा. शेतकऱ्याचा सातबारा कोरा व्हावा, अशी आपण सगळेच आस धरून आहोत. पण माहितीचा सातबारा कोरा दिसला, तर तिला वावरात पाऊल टाकू देऊ नका.

पुढच्या आठवड्यात भेटूच. रामराम.